पाणी किती धरायचं, ऋजू?

ऋजू,

रविवारी इथल्या मराठी मंडळींनी तुझ्यासाठी छोटी सभा ठेवली आहे. "काका, चार शब्द लिहून आणा," म्हणाले. जन्म, शिक्षण, नोकऱ्या हे सगळं केदार लिहून देईल, नवऱ्याला बायकोचं ते सगळं पाठ असतं. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत "ती" लिहायचं तिथे "तू" लिहून बसलो. खोडायला हात उठला नाही. आपल्या मुलीबद्दल तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलणं मला अजून येत नाही. शिवाय आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते मी सभेत उभा राहून कसं सांगू?

सेंगकांगच्या तुझ्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसलोय. खिडकीसमोरून ती छोटी एलआरटी गाडी सरकत जाते. तू म्हणायचीस, "बाबा, बनियनवर बसू नका, लोक बघतात." आज शर्ट घातलाय.

तुझं दुखणं कळलं तेव्हा केदारचा फोन साताऱ्याला आला. "बाबा, रिपोर्ट आले. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. पसरलाय." पुढे त्याला बोलता येईना, म्हणून तू फोन घेतलास. म्हणालीस, "येताना थालीपिठाची भाजणी आणा. आणि नवा चष्मा करून या. माझं काम तपासायचंय तुम्हाला." मला वाटलं, बापाला धीर द्यायला बोलतेस. विमानात सगळा वेळ मी तेच वाक्य घोळवत होतो. इथे पोचलो, तू दार उघडलंस, खांद्याची हाडं वर आलेली, डोक्याला रुमाल. मी तुला जवळ घेतलं. आणि पाणी पिऊन होतंय तोच तू लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवलास. खरंच काम होतं.

तुझ्या तुआसच्या ऑफिसकडे लांबच्या एका बेटावरच्या शहराचं काम आलं होतं. तिथल्या विहिरी खारावल्या होत्या, म्हणून नगरपालिकेला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लँट हवा होता. शहराला रोज किती पाणी लागेल आणि त्यासाठी समुद्रातून किती ओढावं लागेल, हे ठरवणं तुझ्याकडे होतं. पाइप केवढा, पंप केवढे, लोकांना बिल किती येणार, सगळं त्या एका आकड्यावर उभं राहणार.

मी जन्मभर हेच केलं. फक्त नदीवर. सरकारी पाणीपुरवठा खात्यात माझी सगळी हयात दरडोई किती हे धरण्यात गेली. दरडोई इतकं, गुणिले माणसं, त्यात पुढे वाढणारी वस्ती, आणि त्याच्यावर माझं स्वतःचं थोडं. ते वरचं थोडं तुला पहिल्याच दिवशी खटकलं.

"हे वरचं कशासाठी, बाबा?"

"हाताशी असावं म्हणून."

"कुणाच्या?"

"लोकांच्या. पाणी कमी पडलं की लोक हंडे घेऊन ऑफिसवर येतात. जास्त झालं म्हणून आजवर कुणी आलेलं नाही."

तू हसलीस. हसताना पोटावर हात दाबून धरलास, ते मी पाहिलं. "तुमची नदी फुकट वाहत होती. माझं पाणी मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यांतून दाबून काढावं लागतं, थेंबाथेंबाला वीज. लिटरभर गोडं हवं तर समुद्रातून दुपटीहून जास्त ओढायचं, आणि उरलेलं आणखी खारट होऊन परत समुद्रात. मोठा प्लँट बांधून अर्धा बंद ठेवला तर पडदे खराब होतात. आणि जे पाणी कुणी प्यायलंच नाही, त्याचं बिल कोण भरतं? तीच हंडेवाली माणसं. जास्त धरलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नसतं हो."

मी म्हटलं, "बरं, नगरपालिकेने गळती किती कळवलीय?"

तू कागद दाखवलास. मी पाहिलं आणि मला हसू आवरेना. "असे कागद माझ्या टेबलावरून ढिगाने गेलेत. कागदावरची गळती खरी नसते, बाळा. मध्यरात्रीचं मीटर मागव. शहर झोपलेलं असताना टाकीतून जे पाणी जातं, ते कुणी पीत नसतं."

"मागवलंय. पहिल्याच आठवड्यात."

हे तू इतक्या सहज म्हणालीस! मी मान खाली घालून चष्मा पुसत बसलो. तुला वाटलं असेल, बाबांना राग आला. राग नव्हता. तुझ्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला मला एकदाही सुट्टी मिळाली नव्हती, तो सगळा आनंद त्या एका मिनिटात माझ्या अंगावर आला. तोंडाने मी एवढंच म्हटलं, "मग आकडे आले की बघू."

औषधांचे दिवस वाईट आणि मधले दिवस बरे, असं चाललं होतं. अशाच एका बऱ्या दिवशी तू हट्टाने मला ऑफिस दाखवायला नेलंस. केदार टॅक्सी करा म्हणत होता. "बाबांना एमआरटी ट्रेनचं शेवटचं टोक बघू दे," तू म्हणालीस. गाडी जमिनीवरून उंच चालली होती, खाली गोदामं, टाक्या, लांबवर बंदराच्या क्रेन. ऑफिसात सिऊ लिंग भेटली, तुझ्या हाताखालची, चष्मा नाकाच्या टोकावर. "अंकल, यू ऑल्सो वॉटर मॅन, आह?" तिने विचारलं. मी छाती काढून "येस" म्हटलं. कॅन्टीनमध्ये तुला फक्त तांदळाची पेज गेली. तीही अर्धी. उरलेली तू माझ्याकडे सरकवलीस, लहानपणी नको असलेला भात सरकवायचीस तशी, आणि मी ती मुकाट्याने संपवली.

परतताना गाडीत तू त्या शहराबद्दल बोललीस. एकदाच गेली होतीस तू तिथे. "एका बाईने मला घरात बोलावून चहा दिला, बाबा. भरपूर साखर घातली होती बिचारीने. तरी खारट लागत होता. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय म्हणते म्हणून." मग म्हणालीस, "तिला एकदा नीट चहा पिता यावा. बाकी आपले सगळे हिशेब त्यासाठीच ना?"

एवढं बोलून माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस. स्टेशनं येत होती, माणसं चढत उतरत होती. एक म्हातारे चिनी गृहस्थ उभे राहिले आणि आपल्या जागेवर तुझे पाय वर घ्या असं खुणेने सांगू लागले. मी नुसते हात जोडले. तुझ्या डोक्याचं वजन किती कमी झालं होतं, ऋजू. माझा डावा खांदा कुणी हलवलेला मला चालला नसता.

मग तो स्कॅन आला. औषध लागू पडत नव्हतं. डॉक्टरांनी आणखी एक औषध सांगितलं. त्रास जास्त, उपयोग होईलच असं नाही. घरी येऊन आपण तिघं याच टेबलाशी बसलो. तुमची इरा शाळेत होती.

"घेऊन बघू," मी म्हटलं.

"नको, बाबा."

"एकदा बघायला काय हरकत आहे? थोडा फरक पडला तरी..."

"इथेही तुम्ही वरचं थोडं धरताय," तू म्हणालीस. आवाज चढला नव्हता तुझा. "आईच्या वेळी आपण सगळं केलं. शेवटचंही केलं. तिला त्या नळ्या नको होत्या. ती माझ्याकडे बघत होती आणि मला काही बोलता येत नव्हतं. मला इराने तसं बघायला नकोय."

तुझ्या आईचं नाव तू इतक्या वर्षांत असं काढलं नव्हतंस. मी उठलो, चपला घातल्या आणि लिफ्टने खाली आलो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं आहेत ना, तिथे जाऊन बसलो. आजही मला वाटतं, तुझ्या आईला ते शेवटचे उपाय केले ते योग्यच केलं. मी नसते केले तर आज तेच मला खात राहिलं असतं. हे मी तुला सांगायला हवं होतं. तू चिडली असतीस, वाद घातला असतास. आता हा वाद मी एकटा दोन्ही बाजूंनी घालतो, आणि कुणीच हरत नाही.

थोड्या वेळाने केदार आला, शेजारी बसला. "तिचं ऐकू या, बाबा."

"तुला सोपं वाटतंय," मी म्हटलं.

"सोपं नाहीये," तो म्हणाला. "पण ती थकलीय. मला आंघोळ घालताना कळतं."

मग तो उठला. त्याने माझ्यासाठी बाजूच्या कॉफीवाल्याकडून चहा आणला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, वर स्ट्रॉ. तो कसा प्यायचा ते मला समजेना. त्याने पिशवी धरून ठेवली आणि मी प्यायलो. तुझा नवरा चांगला माणूस आहे, ऋजू. हे मी तुझ्या लग्नात म्हटलं नव्हतं. तेव्हा तो मला फार बोलघेवडा वाटला होता.

औषध घेतलं नाही. घरीच राहायचं ठरलं. नर्स येऊन जाऊ लागली. तुझा पलंग आम्ही बैठकीच्या खोलीत आणला, म्हणजे टेबल तुला दिसेल.

तिथेच एका दुपारी सिऊ लिंग पपई आणि लॅपटॉप घेऊन आली. बेटावरून मीटरचे आकडे आले होते. तुला उशा लावून बसवलं. तू स्क्रीनवर बोट ठेवून खाली खाली गेलीस आणि एकदम माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला होता.

"बाबा! शहर झोपलेलं असतानाही चाललंय पाणी. कागदावर लिहिलंय त्याहून कितीतरी जास्त. तुम्ही म्हणालात तसंच."

"मग वाढव आकडा," मी म्हटलं. जिंकल्यासारखं म्हटलं.

"वाढवू? उलट कमी करायचा." तुला धाप लागली, तरी बोलत राहिलीस. "समुद्रातून ओढायचं, वीज जाळून गोडं करायचं आणि फुटक्या पाइपातून जमिनीत सोडायचं? आधी पाइप दुरुस्त करा असं लिहू. समुद्रातला पाइप मोठा टाकू, पुढे वाढवायला जागा ठेवू. यंत्रं मात्र आत्ता लागतील तेवढीच."

"नगरपालिका पाइप दुरुस्त करत नसते, ऋजू. नवं बांधते. फीत कापायला मिळते."

"मग करायला लावावं लागेल."

"आणि नाही केलं तर? उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली तर ती चहावाली बाई काय करेल?"

तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस. मला माहीत आहे, तुझ्याकडे उत्तर होतं. डाव्या भुवईची ती हालचाल मी तू चार वर्षांची असल्यापासून ओळखतो. पण तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "दमले. उरलेलं उद्या भांडू." सिऊ लिंगने हळूच लॅपटॉप मिटला. जाताना दारात तिने माझे दोन्ही हात धरले.

दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं. नर्सने मॉर्फिन वाढवलं. त्यानंतर तू आमच्यात होतीस आणि नव्हतीस. पुढे एका सकाळी केदार तुझे ओठ ओल्या कापसाने पुसत होता, मी पायाशी बसलो होतो. तुझा श्वास थांबला आणि पुढचा येईल म्हणून आम्ही दोघं वाट बघत राहिलो. बाहेरून एलआरटी गेली. मग आणखी एक गेली. केदार म्हणाला, "बाबा," आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्याचे केस मी कुरवाळत होतो आणि बघत तुझ्याकडे होतो.

मंडाईला नेलं तुला. तू या गावात नवी होतीस तेव्हा बसवर ती पाटी बघून मला मुद्दाम फोन केला होतास, "बाबा, इथेही मंडई आहे, भाजी आणायला चाललेय!" नंतर कळलं होतं तुला, तिथे स्मशान आहे ते. आपण दोघं किती हसलो होतो तेव्हा. गाडीतून उतरताना ती पाटी मला दिसली आणि माझे पाय पुढे जाईनात. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. खुर्ची आणली कुणीतरी.

परवा सिऊ लिंग पुन्हा आली होती. म्हणाली, तुझाच आकडा गेला, जसाच्या तसा. आधी पाइपांची दुरुस्ती, मग प्लँटचा पहिला भाग. नगरपालिकेने मान्य केलंय. मी तिला विचारलं, "पुरेल एवढ्यात?" ती म्हणाली, "अंकल, प्लँट चालू होईल तेव्हाच कळेल." बरोबर आहे तिचं. मला अजून वाटतं, तू कमी धरलंस. मला असंही वाटतं की तुझंच बरोबर निघावं. तिथल्या पहिल्या उन्हाळ्यापर्यंत मी असलो तर मी सिऊ लिंगला फोन करून विचारीन. टाकी भरलेली असली तर मी हरलो असं कुणापुढे कबूल करू? आणि कोरडी असली तर "बघ, सांगत होतो" असं म्हणायला माझ्यापुढे कोण असणार आहे? जिंकण्याहरण्याची सगळी मजाच तू घेऊन गेलीस.

निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं, ऋजू. सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलतानासुद्धा पोरं म्हणायची, काका, तुम्ही बसा. आणि तू, मरायला टेकलेली, रोज सकाळी खुर्ची ओढून म्हणायचीस, "बाबा, हे बघा, पटतंय का?" मला बहुतेक वेळा पटत नव्हतं. तू मला शेवटच्या महिन्यांत पुन्हा कामावर घेतलंस. बापाला रडत बसायला वेळ मिळू नये म्हणून केलंस, की तुला खरंच विचारायचं होतं? दोन्ही असेल. त्याचे आभार मी मानले नाहीत, कारण आपल्याकडे बाप मुलीचे आभार मानत नाही. आता मानतो.

आणि काल संध्याकाळी काय झालं ते सांगायचं राहिलंय. हे मी सभेत वाचणार नाही.

इरा शाळेतून आली, जेवली नाही. मी तिला घेऊन खाली गेलो. घसरगुंडीजवळच्या बाकावर आम्ही बसलो. तुला माहीत आहे, मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. केदारने तिला सांगितलं होतं, आई शांत झोपेत गेली. ती बराच वेळ पायाने वाळू उकरत होती. मग म्हणाली, "आजोबा, वॉज शी स्केअर्ड?"

त्या पपईच्या दिवसानंतरची, मॉर्फिन वाढवण्याच्या आधीची ती सकाळ. केदार औषधं आणायला गेला होता. तू माझी बाही ओढलीस आणि म्हणालीस, "बाबा, मला भीती वाटतेय." मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. जन्मभर प्रत्येक ठिकाणी थोडं वरचं हाताशी ठेवणारा मी, आणि त्या वेळी माझ्याकडे तुला द्यायला काहीही नव्हतं.

इराशी खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो.

"हो," मी म्हटलं. "घाबरली होती. मला म्हणाली तसं."

"देन? व्हॉट डिड यू टेल हर?"

"मी म्हटलं, मलाही वाटतेय. आणि तिचा हात धरला."

"दॅट्स ऑल?"

"तेवढंच."

समोर एक लहान मूल घसरगुंडीवरून उलटं चढत होतं आणि त्याची आई त्याला ओरडत होती. इराने तिकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मग बाकावर, आमच्या दोघांच्या मधे, तिने आपला हात उताणा ठेवला.

"माइन ऑल्सो, कॅन?"

इथली पोरं "चालेल का" असं विचारायला एवढा एकच शब्द वापरतात. आणि "चालेल" म्हणायलाही तोच.

"कॅन," मी म्हटलं.